मोरी मोठी करावी

लिहून ठेवते मी, रस्त्यांची आणि पुलांची कामे घेणारी गवंडीण, गुडघे गेलेली पण डोके ठिकाणावर असलेली, की हे माझे दुसरे मृत्युपत्र आहे. कोणी मागे लागले म्हणून नव्हे, माझ्या मर्जीने लिहिते. पहिले रद्द समजावे. का, ते सांगते, नाहीतर माझ्यामागे लोक भलतेच बोलतील.

पुरात वाट बंद पडू नये म्हणून आमचा रस्ता उंच झाला; ते काम माझेच. पाणी नदीकडे जायला त्याखाली मोरी ठेवली. पण घर आधीचे, रस्ता नंतरचा. माझ्या घराची मागची भिंत मोरीच्या अर्ध्या तोंडावर आडवी येई, आणि पाणी तुंबून पलीकडे थोरल्या जाऊबाईंच्या घरात शिरे. "तुझ्या भिंतीपायी माझं अंथरूण भिजतं," म्हणत त्यांनी बोलणे टाकले. खरेच होते. पण ती भिंत माझ्या दिवंगत यजमानांनी स्वतः रचलेली. माझा हात होईना.

म्हणून भिंतीचे नाव न घेता पहिल्या मृत्युपत्रात लिहिले, "माझ्या पश्चात मोरी फोडून मोठी करावी."

मी दवाखान्यात असताना ते माझ्या धाकट्या भावाने वाचले. तो शिंपी. त्याला मोरी म्हणजे घरातली, अंघोळीची! "ताईला बिचारीला तिथे वळताही येत नाही, त्यासाठी मरायची वाट कशाला बघायची?" म्हणून त्याने न्हाणीला लागून असलेली मागची भिंतच पाडून घेतली. दुसऱ्या दिवशी ढगफुटी. सगळे पाणी आमच्या न्हाणीतून सरळ नदीला गेले, आणि जाऊबाईंचा उंबरा कोरडा राहिला. मी घरी येऊन भावाला आधी झोड झोड झोडले, मग त्याला धरून रडले.

सबब, उरलेले घर भावास मिळावे. अट एकच: भिंत पुन्हा बांधू नये. तिच्या जागी दगडी तळ करून पाण्याला वाट ठेवावी आणि रस्त्याखालची, नीट वाच रे बाबा, रस्त्याखालची मोरी रुंद करावी. खर्च माझ्या शिलकीतून व्हावा.

ओळंबा आणि थाप्या भाचीला. ती पुराच्या पाण्यावर राहतील अशी उंच जोत्याची घरे बांधायला शिकते आहे. माझे काँक्रीट कालवायचे यंत्र एका ठेकेदाराने नेले आहे. ते मागायला जाऊ नये, मेला द्यायचा नाही.

भिंतीतला एक दगड माझ्या उशाशी आहे. तो नव्या मोरीत बसवावा. यांचा हात लागलेला आहे.

घरात आता न्हाणी नाही. अंघोळीला मी जाऊबाईंकडे जाते.

ठिकाण: जाऊबाईंचे स्वयंपाकघर.
दिनांक: पूर ओसरल्यानंतरचा रविवार.
सही: गवंडीण

साक्षीदार:
१. गल्लीतला सुतार
२. थोरली जाऊ (सही करून म्हणाल्या, "मरायचं मग बघू गं. आधी उठ, पाणी निवतंय.")