मसाला चालतो, मी चालत नाही

माय, काल मी मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात गेले. मागच्या अंगणात नाही, उंबरा ओलांडून आत. तू असतीस तर आधी माझ्या पाठीत धपाटा घातला असतास आणि मग हळूच विचारलं असतंस, "भुतूर कसा आसा गो?" तर सांगते. खाली पांढऱ्या लाद्या घातल्यात, गॅसची शेगडी चार तोंडांची आहे, आणि पाण्याचा तांब्याचा हंडा होता ना, तिथे आता भिंतीवर पाणी साफ करायचं मशीन आहे. मी त्याचा नळ सोडला आणि तहान नसताना पोट फुगेपर्यंत पाणी प्यायले. तुझ्या वाटचंही प्यायले. तुझ्याशी बोलायचं तर आपल्या मालवणीतच बोलले असते, पण हातात पेन आलं की माझा हात शाळेत बसल्यासारखा सरळ होतो. तसं तुला कुठलंच वाचता येत नव्हतं, म्हणजे तेही भांडण मिटलं.

मी काम शोधतेय, माय. ह्या वयात. तुझा जावई गेल्या वर्षी गेला. जेवायला बसवायचं तर दहा हाका माराव्या लागायच्या, देवाच्या मात्र पहिल्याच हाकेला उठला. तुझा नातू म्हापशाला असतो, दोन खोल्यांत बायको आणि दोन पोरं घेऊन. पोरगा वाईट नाही. फोनवर म्हणतो, "मम्मे, दोन घरां माका झेपनत नाय. घराक कुलूप घाल आणि हंय ये." मी म्हटलं, "आणि माका काम गावला तर?" तो हसला. "ह्या वयार तुका काम कोण देतलो? गावला तर रव बापडी. नायतर मे महिन्यात गाडी घेवन येतंय." तेव्हापासून मी शोधतेय. पोराच्या घरी मला उपाशी ठेवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण तिथे मी टीव्हीखाली चटई टाकून झोपायचं आणि सुनेला विचारून चहा ठेवायचा. इथे माझी विहीर आहे, माझे माड आहेत, रात्री घोरले तर ऐकायला कोणी नाही. काम मिळालं तर हे घर उघडं राहील, नाहीतर त्याला कुलूप. एवढंच आहे ते.

मला येतं काय, तर रांधायला येतं. म्हणून आधी देवगडच्या वाटेवर समुद्राला लागून एक नवीन रिसॉर्ट झालंय, तिथे गेले. मॅनेजरने नाव विचारलं. मी सांगितलं. तर तो केवढा खूश! "अरे वा, क्रिश्चन का? मग केक येत असेल. वाईन करता येते?" मी म्हटलं, मला पेज येते, तिखलं येतं, वडे-सागोती येते, केक आम्ही नाताळाला बेकरीतून आणतो. त्याचं तोंड जरा उतरलं. म्हणाला, "आमच्याकडे गोव्याचा फील द्यायचाय. तुम्ही फ्रॉक घालाल ना? केसांत एखादं फूल वगैरे?" माय, तुझी लेक पन्नाशी उलटलेली, लुगड्यासारखं लुगडं नेसून समोर बसलेली, आणि त्याला माझ्यात फ्रॉक दिसत होता. मी म्हटलं, "साहेब, फ्रॉक मी चौथीत सोडला. घरात कुठे असेल तर शोधते, पण तुमच्या पाहुण्यांना तो बघवेल काय?" तो म्हणाला, "कळवतो." अजून कळवतोच आहे.

मग रिक्षावाल्याने मोठ्या घराचा नंबर दिला. तू जिच्याकडे मसाला कांडायला जायचीस, त्या वयनीचा नातू पुण्याहून परत आलाय आणि घराचं होम स्टे केलंय. दारात पाटी, 'अस्सल घरगुती मालवणी जेवण'. फोनवर त्याने मला मावशी म्हटलं, नाव विचारलं नाही, म्हणाला, "एक दिवस रांधून दाखवा, हात बघू." मी त्याला ओळखत होते, तो मला ओळखत नव्हता. मी बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं ठेचून घातली, सुंगटांची, त्यांच्या भाषेत कोळंबीची, आमटी केली, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. मसाला मी घरून नेला होता, तुझ्या मापाचा. पाहुणे पुण्याचेच होते, त्यांनी ताटं अशी चाटली की घासायला काही उरलं नाही. त्यातली एक बाई आत येऊन माझा हात धरून म्हणाली, "काय चव आहे हो!" आणि तो नातू शेवटी स्वतः जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि थांबला. "मावशी," म्हणाला, "आजीच्या हातची चव आली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिरफळाचंही असेल. पण माय, आजीच्या हातची कुठली? वयनीने जन्मात मुसळ उचललं नाही. चव तुझ्या हातची होती.

मला तो दिवस दिसतोच. मे महिन्याचं ऊन आहे, मागच्या अंगणात तू व्हायनात मिरच्या कांडतेयस. मुसळ वर जातं, खाली येतं, तुझ्या नाकातोंडाला पदर बांधलाय, तरी तू शिंकतेयस. मी शेजारी बसून दगडफूल निवडतेय. डबा भरतो, तू म्हणतेस, "जा, दारात ठेव आणि ये." मी दारात जाते. वयनी माझ्या हातातून डबा घेतात, हुंगतात, खूश होतात. माझ्या हातातूनच घेतात. म्हणून मला वाटतं, मी आत चालते. मला तहान लागलेली आहे. मी उंबरा ओलांडते आणि हंड्यात तांब्या बुडवते. मग काय झालं ते तुला ठाऊक आहे. सगळा हंडा अंगणात ओतला, तांब्या विस्तवात घातला, आणि तू धावत येऊन सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवलीस. "परत भुतूर पाय टाकशीत तर तंगडी मोडीन!" मी रडले नाही. त्यांनी ओतलेलं पाणी मातीत जाताना बघत राहिले, कारण माझी तहान तशीच होती.

वाटेत तू एका माडाखाली बसलीस, मला मांडीवर ओढलंस आणि माझ्या गालावर फुंकर घालत म्हणालीस, "आपला सुका चलता गो, ओला चलना नाय. मिरची चलता, पाणी चलना नाय." मला काही कळलं नाही. मग तू इकडे तिकडे बघितलंस आणि हसायला लागलीस. "पण एक गजाल सांगतंय, खंय बोला नको. सकाळपासून माझो घाम त्या मसाल्यात पडलो हा. तो काय सुको होतो? आता वर्सभर खातले. चवीन खातले." आपण दोघी त्या माडाखाली पोट धरून हसलो. माझा गाल तेव्हाही दुखत होता.

तर काल. जेवण झाल्यावर नातू म्हणाला, मावशी, उद्यापासून या. पगाराचं ठरलं, वेळ ठरली. मला वाटलं, झालं, कुलूप टळलं. मग त्याने मोबाईल काढला. म्हणाला, इंटरनेटवर तुमचा फोटो टाकायचा, खाली नाव. नाव काय तुमचं? मी नाव सांगितलं, आडनावासकट, कारण ते मला तुझ्या जावयाने दिलंय आणि त्याने दिलेल्या वस्तू तशा मोजक्याच आहेत. त्याचं बोट मोबाईलवर तसंच राहिलं. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्या कपाळाकडे.

माणूस उद्धट नाही, हीच तर चीड आहे. उद्धट असता तर दोन शिव्या घालून आले असते. गोड बोलला. "मावशी, मला स्वतःला काही नाही हो. माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत. पण पाहुणे पारंपरिक घर म्हणून येतात, त्यांना प्रश्न पडतात. आपण असं करू, तुम्हाला मंगलामावशी म्हणू. एक टिकली लावा, गळ्यात काळी पोत घाला. कामापुरतं." आणि बायकोने आतून टिकल्यांचं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. लाल, मोठ्या. एवढा वेळ मी शाळेतलं मराठी बोलत होते. आता मुद्दाम आपलं काढलं. म्हटलं, "लावतंय रे झिला. पण माका दोन बाजूंनी मनाई आसा. लग्नात धर्माची होती, आता घोव गेल्याची. तर आधी माझ्या घोवाक उठवन घेवन ये. तोय ऱ्हवात तुझ्याकडे कामाक, नारळ बरे सोली."

बायको हसली. तो नाही हसला. जरा विचार करून म्हणाला, "मग दुसरं करू. स्वयंपाकाला मी कोणीतरी बघतो. तुम्ही घरी बसून मसाला करून द्या. मी पाकिटं भरून विकतो, 'आजीचा मसाला' म्हणून. मसाला तुमचा एक नंबर आहे."

माय, माझ्या डोक्यात मुसळ पडल्यासारखं झालं. मधे एवढी वर्षं गेली, हंडा गेला, लाद्या आल्या, वयनी गेल्या, तू गेलीस. आणि हा पुण्यात शिकलेला पोरगा, ज्याला हे कोणी शिकवलं नाही, तो चालत चालत बरोबर त्याच उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. सुकं चालतं. मी म्हटलं, "मसाल्यात माझो घाम पडता. चलात?" त्याने अगदी गंभीरपणे मान हलवली. "नाही नाही, हायजिन पाहिजे. हातमोजे घालत जा."

मी निघाले. फाटकाबाहेर येईपर्यंत हसू दाबलं होतं, बाहेर आल्यावर हसायला तोंड उघडलं तर रडूच आलं. मला कोणाची दया नको होती, एक चूल हवी होती आणि तिच्यासमोर उभी असलेली मी. रिसॉर्टवाल्याला मी गोव्याची हवी, ह्याला मी मंगला हवी, आणि माझं तिखलं दोघांनाही हवं. ते माझ्या हातून होतं, तर तो हात कोणाचा हे सांगायला लाज कसली? आपण काय कालच्या भरतीला वाहून आलो इथे?

संध्याकाळी शेजारीण आली. माझ्याएवढीच आहे, माझ्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. सगळं ऐकून म्हणाली, "अगो, दशावतारात बाप्ये साड्यो नेसतत, कुंकू लावतत. तू चार तास लावलंस तर काय झिजतलंस? घर ऱ्हवात तुझा." ती माझ्या घरासाठीच बोलत होती. मी म्हटलं, "दशावतारातली राणी सकाळी तोंड धुता आणि आपल्या नावान चाय पिता. सगळो गाव जाणता तो कोण तो. माझी सकाळ खंय?" मग तिने माझ्याच बशीत चहा ओतून प्यायला, नेहमीसारखा.

उद्या कसालला जाते. हायवेवरच्या एका खानावळीत बाई पाहिजे म्हणून पाटी लागलीय. ह्या वेळी तिखलं नंतर, नाव आधी. हात धुवायच्याही आधी. रात्री पोराचा फोन आला होता, "गावला काय?" मी म्हटलं, "गावतला." हे तुला कुठे पाठवायचं? तुझा पत्ता चर्चच्या मागच्या क्रुसाखालचा, तिथे पोस्टमन जात नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवून देते.

एक राहिलं. ते टिकल्यांचं पाकीट मी त्यांच्या ओट्यावर आपटून यायला हवं होतं. रागात निघाले ते मुठीतच राहिलं. घरी येऊन चुलीत घालायला गेले, जाळ पेटलेला होता. घातलं नाही, माय. पर्समध्ये आहे, आणि उद्या कसालला तीच पर्स न्यायची आहे.