हातमोज्यांची मालकीण

३ मार्च

खुंटीला तरी माणूस टोपी अडकवतो. माझ्याकडे त्या खरेदीसाहेबाने तेवढंही बघितलं नाही! काचेच्या कारखान्यातून आला होता, आमचे हातमोजे बघायला. कापड मी कापते, शिलाई धाकटी जाऊ मारते, शेजारच्या तिघी उलटवून जोड्या लावतात — आणि हा विचारतोय कुणाला? ह्यांना! ह्यांना अजून डावा-उजवा ओळखता येत नाही. "दिवसाला किती निघतात?" हे माझ्याकडे बघतात. मी सांगते. साहेब ह्यांच्याकडे बघून मान डोलावतो. जशी आकाशवाणीच झाली!

४ मार्च

ऑर्डर मिळाली. एवढी मोठी कधी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकानं नाव काढलं." लेकानं!!

९ मार्च

मागची खोली पुरेना. तागे पलंगावर, आम्ही जमिनीवर. ह्यांची कंबर धरली. धरू दे.

या बायका चहाला उठल्या की लग्नाला गेल्यासारख्या परत येतच नाहीत. सांगून टाकलं — आजपासून चहा जागेवरच. धाकटीने नुसतं बघितलं. बघण्याने ऑर्डर पुरी होते का?

१२ मार्च

अख्ख्या गठ्ठ्याचे अंगठे भलत्या बाजूला! धाकटीचा प्रताप. बोलले मी. सगळ्यांसमोर बोलले. "डोळे कुठे गहाण ठेवलेस?"

"उजेडच नाही ताई. कधीची सांगतेय."

नाचता येईना, अंगण वाकडं. त्याच खोलीत मी कापते ना? माझी कात्री चुकते का?

तिघींपैकी एकीने मुकाट्याने सगळे अंगठे उसवायला घेतले. माझ्याशी दिवसभर कुणी बोललं नाही. बरं झालं, काम झालं.

१५ मार्च

बाहेरगावचा एक व्यापारी आला. दारातच विचारलं, "मालक कोण?" हे तोंड उघडायच्या आत म्हटलं, "मी." स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काय गोड लागलं!

मशीनची खडखड मात्र एकदम थांबली. दोरा तुटला असेल.

१६ मार्च

घर फोडलं हिने! धाकटी तिच्या माहेरून आलेल्या दोन्ही मशीन घेऊन चालली. चौकातलं बंद सायकलचं दुकान भाड्याने घेतलंय म्हणे, राहणारही तिथेच. हातगाडी कोण ओढतंय? भाऊजी! मागून ढकलतंय कोण? त्या तिघी! ज्यांना मी घरात घेतलं, काम शिकवलं, त्याच!

"ऐन ऑर्डरीत पाय ओढतेस?" मी ओरडले. अख्खी गल्ली बाहेर आली.

"पाय नाही ताई, मशीन ओढतेय. माझी."

तोंड बघा! दोन वर्षं मान वर केली नव्हती.

जेवताना हे म्हणाले, "मालकीण म्हणवताना तिला एका शब्दाने विचारायचं होतंस."

घरच्या माणसाला कसलं विचारायचं? ताट सरकवून उठले.

१९ मार्च

कापलेल्या पंज्यांचा ढीग कमरेपर्यंत. शिवणार कोण? माझ्या जुन्या मशीनवर मीच बसले. एक हातमोजा शिवून घालून बघितला — करंगळी आत जाईना. हे हसले. मी नाही.

सासूबाई चौकातून बातमी घेऊन आल्या. तिकडेही बोंबच. बोटांच्या बेचक्यात कात्री खोल गेली, सगळं कापड वाया. ऐकून आनंद झाला. मग संताप — चांगलं जाड कापड! कुणी असं नासतं का?

२० मार्च

धाकटी आली. ओट्याशी उभी राहिली.

"ताई, तुमच्यासारखी कापणी आम्हा चौघींना जमत नाही."

आली नाक घासत! म्हटलं, "मग आण मशीन परत."

"नाही. तुम्ही या तिकडे. पाच जणी, पाच सारखे वाटे. साहेबाची ऑर्डर मिळून पुरी करू."

"आणि मालकीण कोण? तू?"

"कुणीच नाही."

म्हणे कुणीच नाही! माझ्या डोक्यातून निघालेला धंदा, आणि मला पाचवा वाटा! तिच्या तोंडावर दार आपटलं. कडीसुद्धा लावली.

कडी लावून बसले खरी. पण ढीग समोरच होता.

२१ मार्च

सकाळीच कात्री घेऊन निघाले. सासूबाईंनी हटकलं, "कुठे?"

म्हटलं, "कामाला."