प्रिंटर धरून बसलेला प्रोग्रॅम

नाना,

काल एक कागद छापून घ्यायला इथल्या सेवा केंद्रात गेले होते. तिथली बाई म्हणाली, "काकू, बसा जरा. प्रिंटर बिझी दाखवतोय." मी बसले. बराच वेळ झाला तरी तो बिझीच. शेवटी मी म्हटलं, "अगं, कोणीतरी धरून ठेवला असेल. कोण ते शोध आणि मार त्याला." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारतेय, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना. मला हसू आलं आणि लगेच तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागवायची सवयसुद्धा मोडत आली होती. आता घरी येऊन, जेवण उरकून, हे लिहायला बसले आहे. हात दुखतो, डोळे चुरचुरतात, पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

तार ऑफिसातून तुम्ही निवृत्त झालात आणि जळगावच्या केळी बागायतदारांच्या संस्थेने तुम्हाला बोलावून घेतलं. टेलिफोनच्या तारेवरून यावलच्या शाखेशी बोलणारा कॉम्प्युटर येतोय, तर तारवालाच हवा, असा संचालकांचा सरळ हिशेब. तुम्ही गेलात आणि पाठोपाठ, बी.एस्सी. होऊन घरात बसलेल्या मलाही तिथे चिकटवलंत. काय थाट होता त्या खोलीचा! चपला बाहेर, अख्ख्या ऑफिसात नाही तो एसी आत, मधोमध यंत्र, भिंतीकडेला चार टर्मिनल आणि कोपऱ्यात तो धाडधाड वाजणारा एकुलता एक प्रिंटर. ड्रायव्हर लोक उन्हातून येऊन गाडीची चिठ्ठी मागायच्या निमित्ताने दारात गारव्याला उभे राहायचे आणि तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात.

मला तुम्ही शिकवलंत ते मात्र त्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात. आई गेल्यापासून संध्याकाळच्या भाकरी माझ्याकडेच होत्या. मी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ मळतेय आणि तुम्ही पाटावर बसून सांगताय. या यंत्राच्या लेखी सगळ्या गोष्टी म्हणजे फाइली. हिशेब ही फाइल, तसा प्रिंटर ही पण फाइल, यावलला जाणारी लाइन ही पण फाइल, तुझ्यासमोरचा टर्मिनल ही पण फाइल. वापरायची तर आधी उघडायची, काम झालं की मिटायची. आणि उघडतानाच सांगायचं कशी उघडायची ते. नुसती वाचायला, नुसती लिहायला, की दोन्हीला. समोरचं यंत्र जागं नसेल तर ते जागं होईपर्यंत दारात उभं राहायचं, की न थांबता परत फिरायचं. आणि शेवटचं म्हणजे 'एकट्याने'. मी उघडली की मी मिटेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. पुस्तकात त्यांना इंग्रजी नावं होती, 'थांबून' आणि 'एकट्याने' ही तुम्ही ठेवलेली. पुढे अख्ख्या ऑफिसात तीच चालली.

तुम्हाला ही दोनच आवडायची. 'न थांबता' तुम्हाला उद्धटपणा वाटायचा. तारेवर आयुष्य गेलेला माणूस, तुम्ही म्हणायचात, "समोरना जवलोंग हूं म्हनत नही, तवलोंग आपन बोलानं नही." ऑफिसात तुमची मराठी अगदी साहेबी असायची, पण घरात आणि रागात अहिराणीच. 'एकट्याने'चं कारणही मला माहीत आहे. सुरुवातीला दोघांनी एकदमच प्रिंटर उघडला, आणि सावद्याच्या गाडीच्या चिठ्ठीत एक ओळ केळीच्या घडांची, तर खालची ओळ शिपायाच्या किरकोळ रजांची, असं छापून निघालं. ड्रायव्हर तो कागद घेऊन पार नाक्यापर्यंत गेला होता. त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये प्रिंटर एकट्याने उघडला जाऊ लागला. बरोबरच होतं ते. तुमचं बरोबर असलेलंच जास्त त्रासाचं असायचं.

त्याच सुमाराला दादा सुरतेला निघून गेला. तार ऑफिसात तुम्ही त्याच्यासाठी शब्द टाकला होतात आणि त्याला कापडाच्या धंद्यात जायचं होतं. तुम्ही रागाच्या भरात म्हणालात, "जाय. परत पाय ठेवू नको आठे." त्याने ते अगदी शब्दशः घेतलं. फोन नाही, पत्र नाही. तुम्ही एकदाही त्याचं नाव काढलं नाहीत. पण बाहेरच्या खोलीतली त्याची खाट, तिच्यावरची चादर दर रविवारी मला बदलायला लावायचात आणि तिच्यावर कोणाला बसू द्यायचा नाहीत. दोन खोल्यांचं घर आपलं. एका खोलीत तुमची खाट आणि दादाची खाट. मी स्वयंपाकघरात, ओट्याखाली डोकं येईल अशी गादी टाकून. सकाळी तुम्हाला चहा हवा म्हणून गादी आधी गुंडाळायची. एकदा मला ताप होता तेव्हा मी त्या खाटेवर आडवी झाले, तर तुम्ही नुसते दारात येऊन उभे राहिलात. मी उठून आत गेले. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

मग धुळ्याचं निघालं. संस्थेने धुळ्याच्या शाखेतही तसंच यंत्र घ्यायचं ठरवलं आणि व्यवस्थापक मला म्हणाले, "ताई, तुम्हीच जा. तिथलं सगळं तुमच्याकडे." सगळं माझ्याकडे! नाना, मला त्या दिवशी काय वाटलं ते तुम्हाला कधी कळलं नाही. धुळ्यात मैत्रीण होती, तिच्या घरावर एक खोली रिकामी होती, खिडकीतून पांझरेचा पूल दिसायचा. खोलीला कडी होती. विभागप्रमुख म्हणून सोडण्याची परवानगी तुमची लागत होती, बाकी कोणाची नाही. मी घरी विचारलं तेव्हा तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "दादाले येऊ दे. मंग जाय तू." दादा येणार आहे का, कधी येणार, हे विचारायची सोय नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, मी महिनाअखेरपर्यंत थांबतो. मे महिना होता.

त्या मेमधली ती दुपार. अंगणात भरलेले ट्रक उभे आहेत, केळी कापलेली, दिल्लीला जायची. कापलेलं केळं थांबत नाही, हे जळगावात लहान पोरालाही कळतं. चिठ्ठीशिवाय गाडी सोडता येत नाही आणि प्रिंटर चिठ्ठी छापत नाही. मी माझ्या टर्मिनलवरून छापायला सांगते, तर उत्तर येतं की प्रिंटर दुसऱ्याच्या ताब्यात. शेजारच्यालाही तेच. तुम्ही उठलात, प्रिंटरचं झाकण उघडलंत, रिबन पाहिली, केबल काढून परत बसवली. ड्रायव्हर दारात गलका करताहेत, एक जण म्हणतोय, "नाना, माल पिकी जाई ना भो, दिल्लीले काय शिकरण धाडानं का?" लोक हसले. तुमच्या कपाळावर घाम आला. त्या थंड खोलीत तुम्हाला घाम आलेला मी तेव्हाच पाहिला.

कोण धरून बसलंय ते मी शोधलं. तुमचाच प्रोग्रॅम होता. यावलहून उद्याच्या कापणीचे आकडे घेऊन छापणारा. त्यात तुम्ही आधी प्रिंटर उघडला होता, एकट्याने, आणि मग यावलची लाइन, थांबून. पाहुणा यायच्या आधी ताट वाढून ठेवावं तसं. आकडे आले की प्रिंटरसाठी क्षणाचीही खोटी व्हायला नको, हा तुमचा विचार. आणि यावल काही जागं होत नव्हतं. नंतर कळलं की तिथल्या माणसाने उकाड्याला कंटाळून लाइनच्या खोक्याची पिन काढली होती आणि तिथे कूलर लावला होता. तो मजेत कूलरसमोर झोपलेला, तुमचा प्रोग्रॅम त्याच्या दारात उभा, आणि हातात आमच्या सगळ्यांचा प्रिंटर.

मी तुम्हाला विचारलं नाही. माझ्या टर्मिनलवरून तुमचा प्रोग्रॅम मारला, म्हणजे मधेच बंद पाडला. प्रिंटर लगेच धडधडायला लागला, चिठ्ठ्या निघाल्या, ट्रक सुटले. तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "माले इचारं का नही?" सगळ्यांदेखत. आणि माझाही तोल गेला. मी म्हटलं, "यावलचा कूलर बंद होईपर्यंत बसायचं होतं का? वाट बघायची ना नाना, तर खुशाल बघा. पण रिकाम्या हातांनी बघा. दुसऱ्याला लागणारी वस्तू धरून कशाला बघता?" प्रिंटरच काय तो वाजत होता. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात आणि मला खरंच वाटलं की तुम्हाला समजलं. मी कशाबद्दल बोलतेय ते सगळं समजलं. तुम्ही आपल्या जागेवर जाऊन बसलात आणि संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम बदललात. आता आधी यावलची लाइन उघडायची, थांबून. ती लागली की मगच प्रिंटर, एकट्याने. दोन ओळी वरच्या खाली केल्या. मला बोलावून दाखवलंत, म्हणालात, "चूक माझीच होती. चांगलं पकडलंस." ऑफिसात तुम्ही कोणाजवळ चूक कबूल केल्याचं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. मी त्या दिवशी सायकल ढकलत तुमच्याबरोबर चालत घरी आले, आणि वाटेत मनातल्या मनात धुळ्याला न्यायची भांडी ठरवत होते.

घरी आल्यावर मी पिठाचे हात तसेच ठेवून म्हटलं, "नाना, आते माले बी सोडा." तुम्ही ताट पुढे ओढलंत. मग म्हणालात, "दादाले येऊ दे." त्याच आवाजात. दुपारचं दुपारीच संपलं होतं. यंत्राचं यंत्रापाशी आणि घरचं घरापाशी. तुमच्याइतका हुशार माणूस दोन ओळी इकडच्या तिकडे करू शकतो, आणि एक खाट हलवू शकत नाही. मला वाटतं, माझं दमणं तिथूनच सुरू झालं. रडले नाही, भांडले नाही, नुसती दमले. महिनाअखेरीला धुळ्याला नाशिकचा कोणी मुलगा गेला. पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी साडी आणलीत, मोरपंखी, जरीच्या बारीक काठाची. ओट्यावर ठेवून तुम्ही पेपर उघडलात. साडी सुंदर होती. मी ती फाटेपर्यंत नेसले.

तुम्ही गेलात तेव्हा दादा आला. उना एकदाचा. सुरतेहून, गाडी करून, पोट सुटलेला, तुमच्यासारखाच टक्कल पडलेला. दारातच ढसाढसा रडला. लोकांनी त्याला धरून आत नेलं आणि त्याच खाटेवर बसवलं. चादर धुतलेली होतीच. तो चार दिवस तिच्यावर झोपला आणि मी त्याला चहा करून दिला, म्हणून रोज गादी आधी गुंडाळली. त्याच्यावर राग आला नाही. त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं की तो इतकी वर्षं घरात होता. पुढे सहा-सात महिन्यांनी मी धुळ्याला बदली मागितली आणि ती लगेच मिळाली, कोणाला काही विचारावं लागलं नाही. तोवर ती खोली दुसऱ्याला गेली होती, तर मी देवपुरात घर घेतलं. आजही तिथेच आहे. बरं चाललं. वाईट दिवस आले असं म्हणणार नाही. फक्त हौस होती त्या वयात मी कुठे गेले नाही, आणि गेले तेव्हा हौस राहिली नव्हती.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पण एक सांगायचं राहिलं आहे आणि ते सांगायला आज थोडी लाज वाटतेय, या वयात. साडी आणलीत त्या पावसाळ्यात एकदा मला घरी यायला उशीर झाला होता. ऑफिसात काम निघालं, असं मी सांगितलं. काम नव्हतं. मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून होते. यावलची गाडी गेली, साक्रीची गेली, धुळ्याची लागली आणि सुटली. मला कुठे जायचं नव्हतं. मी घरात नसले तर माझी कोणी वाट बघतं का, एवढंच बघायचं होतं. दिवेलागण झाल्यावर गल्लीत वळले, तर तुम्ही फाटकापाशी उभे. एक हात कडीवर, मान लांब करून रस्त्याकडे बघताय. नाना, मला इतका आनंद झाला की मी शेवटची चार घरं जवळजवळ पळत आले. तुम्ही चष्मा सारखा केलात, माझ्याकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, "तू शे का. माले वाटनं, दादा उना."

मी "हो, मीच" म्हटलं आणि भाकरी टाकायला आत गेले.