चष्म्यातले दोन पांढरे ठिपके

प्रिय चष्मिस,

ही हाक मारायचा हक्क माझ्याकडे अजून आहे की नाही, कोण जाणे. पण खऱ्या नावानं सुरुवात केली आणि कागद भलत्याच्या हाती लागला तर? म्हणून हीच. तुझा फोन घरात सगळ्यांच्या हातून फिरतो असं तूच सांगायचीस, तेव्हा मेसेज लिहून लिहून पुसले आणि शेवटी हे पत्र लायब्ररीत तुझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे देतोय. आधी कामाचं सांगतो, मला धीर नाही. तुझ्या ताईच्या लग्नाचे फोटो बघायला रविवारी तुमच्या घरचे आमच्या दुकानात येणार आहेत. त्या फोटोंत एक गोष्ट आहे. तुझ्या बाबांना दिसायच्या आधी ती तुला माहीत असायला हवी. माझ्या मामाला ती दिसली आहे. तेव्हापासून मी दुकानात येरझाऱ्या घालतोय, आणि मामा मात्र मजेत चहात बिस्किट बुडवतोय.

तुला वाटलं असेल, कॉलेज सोडलं आणि हा आता गळ्यात कॅमेरा अडकवून भटकतोय. पहिले दोन महिने मलाही तसंच वाटत होतं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. तीस वर्षं तो लग्नांचेच फोटो काढतोय, दुसरं काही नाही. मला वाटायचं, यात काय एवढं? नवरा-नवरीला उभं करायचं, हसा म्हणायचं, बटण दाबायचं. मामा तर हसा असं कधी म्हणतच नाही. म्हणतो, सांगून हसलेला माणूस दात दाखवतो, बाकी काही नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तो रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसतो. एकदा या खुर्चीवर, एकदा त्या. खिडकीतला उजेड कधी कुठे सरकतो ते बघतो आणि मग स्वतः त्या उजेडातच काम करतो, फ्लॅश लावत नाही. मऊ तळाचे बूट घालतो. सगळ्यांत आधी म्हाताऱ्या माणसांचे फोटो, कारण ती लवकर दमतात. आणि नवरीच्या आईला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतो, "वहिनी, घरात कोण कोणाशी बोलत नाही?" मला वाटलं, भांडणाऱ्यांना लांब उभं करायला विचारत असेल. तसं नाही. ती माणसं तो दिवसभर नजरेत ठेवतो. लग्नात कधीतरी ती बोलतातच, ताट पुढे करताना नाहीतर मूल उचलून घेताना. तो फोटो मामाकडे असतो.

तुमच्याकडेही त्यानं हेच विचारलं. तुझ्या आईनं तुझ्या आत्याचं नाव घेतलं. मी मागे बॅगा धरून उभा होतो आणि माझ्या मनात आलं, मलाही विचार ना मामा, या घरात माझ्याशी कोण बोलत नाही.

दार तूच उघडलं होतंस. मामा म्हणाला, हा माझा भाचा, आणि तू मला "या" म्हणालीस! दीड वर्षानं भेटलो आणि "या"! जसा काही मी गॅसची टाकी घेऊन आलो होतो. आणि वरून लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत, "ओ फोटोग्राफर, जरा सरका, आजीला दिसत नाहीये." माझ्या कानांतून धूर निघायचा बाकी होता. मी सरकलो तो थेट जिन्यापर्यंत. मामा मागून आला, माझा हात धरून बघितला, ताप बघावा तसा, आणि म्हणाला, "तापलेल्या हातातला फोटो हलतो रे. जा, पाणी पिऊन ये." कोणामुळे तापलाय हे त्यानं विचारलं नाही. तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे. दोन दिवसांपूर्वी आम्ही फोटो निवडायला बसलो. मामाचे झाले, मग माझे आले. मला त्यानं दुसरा कॅमेरा आणि फ्लॅश दिला होता, मागच्या रांगा आणि गर्दी टिपायला. आठदहा फोटो बघून मामा थांबला. पडद्याला नाक लावून म्हणाला, "लग्नात हे काजवे कुठून आले?" मी बघितलं तर कोपऱ्यात दोन पांढरे ठिपके. पुढच्या फोटोत दोन ठिपके, त्याच्या पुढच्यातही. तुझा चष्मा. ताई सही करतेय, अख्खा हॉल तिच्याकडे बघतोय आणि तिसऱ्या रांगेत दोन ठिपके. तुझे बाबा डोळे पुसतायत, सगळे त्यांच्याकडे वळलेत आणि खांबापाशी दोन ठिपके. मामानं मग शांतपणे समजावलं. काच फ्लॅशचा उजेड अशी परत फेकते ती चेहरा कॅमेऱ्याकडे वळलेला असला तरच. एखाददुसऱ्या वेळी योगायोग म्हणता येईल. मग त्यानं स्वतः टिपलेले फोटो उघडले, त्याच घटकेचे, पण माझ्या समोरून, हॉलच्या पलीकडच्या बाजूनं घेतलेले. त्यांत तुझी नुसती वेणी दिसते.

मला वाटलं होतं, मामा माझ्यावर चिडेल. तो म्हणाला, "तीस वर्षांत लग्नात माझ्याकडे कोणी बघितलं नाही, हीच माझी कमाई समजत होतो. तुझ्याकडे एकजण सारखं बघत होतं आणि तुला पत्ता नाही? गाढवा, तू बघत काय होतास?" मी बघत होतो गं. डोळा कॅमेऱ्याला होता आणि डोक्यात राग होता, एवढंच. मग मामानं हळूच पुस्ती जोडली, "नाहीतर फ्लॅशनं वैतागून बघत असेल. तेही होतं." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. कारण गंमत अशी आहे, की त्या ठिपक्यांनी तुझे डोळेच झाकलेत. चेहरा माझ्याकडे आहे, हे नक्की. पण त्यामागे तू रागावली होतीस, हसत होतीस, की हा मुलगा अजून तसाच तिरसट दिसतो असं म्हणत होतीस, एकाही फोटोत कळत नाही. मी सगळे मोठे करकरून पाहिले. नुसता पांढरा उजेड.

तुला तो दिवस आठवतो? सरांनी माझा निबंध वाचून वर्गाला हसवलं आणि मी दार असं आपटलं की काच तडकली. तू मागे व्हरांड्यापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "डोकं थंड झालं की ये." मला तो अपमान वाटला, मी कॉलेजात परत आलोच नाही. आता वाटतं, त्यात "ये" हा शब्द होता, तो मी ऐकलाच नाही. डोकं थंड व्हायला दीड वर्ष लागलं. अजून पुरतं झालेलं नाही, पण पाणी पिऊन यायला शिकलोय.

आता पत्राचं खरं कारण. मामा कोणाचाही फोटो लग्नातून काढून टाकत नाही, पण तुझ्या बाबांची नजर किती बारीक आहे हे त्यालाही माहीत आहे. तो म्हणाला, ठिपके पुसता येतात. दुसऱ्या फोटोतले तुझे डोळे आणून काचेमागे बसवता येतात. मग तू ताईकडे बघत होतीस असं दिसेल आणि कोणाला काही कळणार नाही. निर्णय त्यानं माझ्यावर टाकलाय, "तुझी भानगड, तूच निस्तर." मी दोनदा पुसायला बसलो आणि दोनदा उठलो. ते डोळे तुझे आहेत. ते कुठे बघत होते हे मी कोण ठरवणार? तुला घरी त्रास होणार असेल तर मैत्रिणीकडे एवढंच सांग, "पुसून टाक." मी पुसून टाकीन आणि परत विषय काढणार नाही, आईची शपथ. पण तसं नसेल, तर निरोप नको, रविवारी त्यांच्याबरोबर तूही ये. चष्मा घालूनच ये. मी खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवतो. तिथे दुपारचा उजेड चांगला येतो, आणि फ्लॅश मी मामाच्या कपाटात कुलपात ठेवलाय.

तुझाच,
ओ फोटोग्राफर