विमानतळावरचं मशीन आणि माझा करगोटा

९ मे १९७४, कार्ले
रेल्वेचा संप. लोणावळ्याच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं फिटर होतो, रिटायर्ड पास खिशात, आणि गाडी नाही. शेवंताचं दिल्लीत पहिलंच बाळंतपण. जावयांनी माझं आणि बायकोचं, सरूचं, विमानाचं तिकीट पाठवलंय, १८ तारखेचं. पोरीनं लिहिलंय, आबा, तुम्ही जवळ असलात की मला धीर येईल.
विमानाचं मला काही वाटत नाही. घाटातल्या इंजिनाचे ब्रेक तपासलेला माणूस मी.

११ मे
शेजारच्या केरबाचा भाचा विमानतळावर लोडर आहे. म्हणाला, तितं दारातच मशीन हाय, अंगावर धातू असला की कोकलतं, मग पोलीस बाजूला घेत्यात. तिकीट परत पाकिटात घातलं. मशीनमुळे, विमानामुळे नव्हे.

१२ मे, सकाळी
यादी केली. अडकित्ता, चुन्याची डबी, वहाणांचे नाल, चांदीचा करगोटा. करगोटा काढणं शक्यच नाही, तो माणूस गेल्यावर काढतात. सरूला म्हटलं, माझं जाणं रद्द समज.

सायंकाळी
सरूनं लाल दोऱ्याचा करगोटा आणला. म्हणाली, आधी ह्यो बांधा, मग त्यो काढा, कंबर उघडी ऱ्हायची न्हाई. बाई नको तिथं हुशार आहे.

१४ मे
करगोटा बदलला. सुपारी कातरून पुडीत बांधली. गावातल्या हौशीरामचे कॅनव्हासचे बूट मागून आणले. राहिली दाढ, चांदीनं भरलेली. लोणावळ्याच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, दाढेवर मशीन वाजलं तर निम्मं विमान रिकामं जाईल. तरुण आहे, अनुभव कमी.

१६ मे, दुपारी १
घास उतरत नाही. हातपाय गार. उन्हाळा बाधला.
निश्चय : परवा ताठ मानेनं जायचं.

१८ मे, ११.४०, विमानतळ
सरू पुढं गेली. डोरलं, जोडवी, पिना. मशीन कोकललं. पोलीसबाईनं चाचपलं आणि सोडलं. मग मी. वाजलं नाही. म्हटलं, साहेब, पुन्हा बघा. तीनदा गेलो, तीनदा गप्प. पोलीस म्हणाला, आबा, तुमच्याजवळ काही नाही, बिनघोर जा.
म्हणजे मशीन बिघडलंय. अशा मशीनच्या भरवशावर आत कोण काय घेऊन बसलं असेल? जबाबदार माणसानं बसू नये. काचेपलीकडून सरू बघत होती. मी हात हलवला. तिनं नाही हलवला.

सायंकाळी ७, कार्ले
एसटीनं घरी. भूक सणकून लागली. गावात सांगितलं, मशीन वाजलं, मला अडवलं.

२८ मे
शेवंताचं पत्र. बावीसला मुलगी झाली. फार जड गेलं, दीड दिवस तुमचंच नाव घेत होते, म्हणते. पुढं लिहिलंय, आई सांगते, तुमच्यावर मशीन इतकं वाजलं की पोलिसांनी सोडलंच नाही. मनाला लावून घेऊ नका, आबा.
सरूला मी काही शिकवलं नव्हतं.
संप मिटला. गाड्या सुरू झाल्या. कपडे ट्रंकेत भरले, काढले, पुन्हा भरले. आता विमान नाही, मशीन नाही. सरूपुढं उभं राहायची भीती वाटते.