आठव्याला बसतेत

लोहा, जि. नांदेड

प्रिय लायबा,

फोनवर हे मला बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर तुला लागेल, कारण तूच ते सात वर्षं फळ्यावर वाचलंस.

आज तुझी आणि गिरिजाची फार आठवण येते. तिसऱ्या बाकावर तुम्ही दोघी. मी कविता चालीवर म्हणायला लागलो की गिरिजा डोळे मिटायची, अन् तू हात वर करून विचारायचीस, 'गुरुजी, ह्याचा शब्दार्थ काय?' मला तेव्हा राग यायचा. चाल तुटायची ना. दहावीनंतर तुला लातूरला क्लासला सोडायला तुझ्या अब्बाबरोबर, चांदपाशाबरोबर, मीही एसटीत होतो. त्या गल्लीत प्रत्येक खिडकीत एक पोर पुस्तकात मान घालून बसलेलं, अन् खाली मेसचे डबे. सीईटीत तुझे सात मार्क कमी पडले तेव्हा चांदपाशा माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला होता, 'मास्तरसाब, सात मार्कां में बेटी का डॉक्टर भाग गया!' आज तू हैदराबादेत संगणकावर माणसाचं रक्त वाचतेस. पळालेला डॉक्टर तूच गाठलास.

पण मी भरकटतोय. म्हातारपणी आठवणींत शिरलं की खरं बोलणं लांबवता येतं.

आता गिरिजाच्या सिद्धूचं, माझ्या नातवाचं ऐक. मागच्या महिन्यापर्यंत गुडघ्यावर हात टेकून का होईना, उठत होता. आता नाही. येत्या दिवाळीला आठवं लागेल त्याला. जावई मन्मथराव क्लासच्या पोरांना शिकवायला जाण्याआधी त्याला कडेवर घेऊन अंघोळीला नेतात. आणि गिरिजाला चौथा महिना लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटातल्या बाळाची तपासणी होते. पण रक्तातली नेमकी कोणती जागा तपासायची ते आधी कळलं पाहिजे, आणि तेही तीन आठवड्यांत. गिरिजा रोज विचारते, 'आप्पा, लायबाचा फोन आला का?'

तू मला सोपं करून सांगितलं होतंस. सिद्धूच्या रक्तातली अक्षरं मांडली तर हजारो ठिकाणी इतरांहून वेगळी निघतात, त्यातली बहुतेक निरुपद्रवी. मग घरच्या माणसांची चाळणी लावायची. जे धडधाकट माणसात आहे ते सोडायचं, जे आजाऱ्यात आहे ते धरायचं. तुझ्या चाळणीत अजून एकेचाळीस जागा उरल्यात म्हणालीस. आजोबा म्हणून मी नळीत थुंकी पाठवली होती. तुझा फोन आला, 'गुरुजी, नळ्यांची अदलाबदल झाली वाटतं, परत पाठवता?' परत पाठवली. मग तीन आठवडे तू गप्प. शेवटी एवढंच म्हणालीस, 'तुमच्या नमुन्याशिवाय करते काम.' पुढे एक शब्द विचारला नाहीस. लायबा, तू ओळखलं होतंस. माझी लाज तू झाकलीस, आणि त्या झाकण्यात माझ्या सिद्धूचे दिवस गेले.

गिरिजा माझी नाही. म्हणजे रक्ताची नाही.

भूकंप झाला तेव्हा मी शिरूर अनंतपाळला होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही मास्तर लोक किल्लारीच्या बाजूला मदतीला गेलो. एका तंबूत पाच-सहा महिन्यांची पोर, कानात माती. एक बाई म्हणाली, 'हिचं कुणीच उरलं न्हाई.' आमच्या लग्नाला अकरा वर्षं झालेली, पाळणा रिकामा. तुझ्या काकूंनी तिला पदरात घेतलं ते खाली ठेवलंच नाही.

चैत्रात एक माणूस दारात आला. लिंबाजी. पाय मोडून सोलापूरच्या दवाखान्यात पडून होता म्हणून उशीर झाला म्हणे. 'मास्तर, माझ्या अक्काची पोर तुमच्याकडं हाय म्हणतेत.' तो म्हणाला, 'आमच्यात पोरं आठव्याला बसतेत. माझे दोन भाऊ बसले, अक्काचं थोरलं बसलं. पोरी तेवढ्या धड राहतेत. ही एकच हाय मास्तर, द्या.'

मी मास्तर ना. मी ऐकलं की ह्यांच्यात पोरं आठवीत शाळा सोडून घरी बसतात. मनात म्हटलं, असल्या घरात ही पोर द्यायची? आणि मी सांगितलं, 'ती पोर तापानं गेली.' तो पायरीवर बसला. पाणी मागितलं, प्यायला अन् गेला. जूनमध्ये मी बदली मागून इकडे लोह्याला आलो.

तुझ्या फॉर्मवर प्रश्न होता, आईच्या बाजूला असा आजार कुणाला आहे का? मी 'नाही' लिहिलं. गेल्या सोमवारी गिरिजाचा फोन आला, रडत होती. 'आप्पा, सिद्धू बसला हो.' तेव्हा मला लिंबाजीच्या वाक्याचा अर्थ लागला: आठवी नव्हे, आठवं वर्ष. जन्मभर पोरांना शब्दार्थ, भावार्थ लिहायला लावले मी. एका खेडुताचं चार शब्दांचं वाक्य मला कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं? ते तुझ्या काकूंना विचारलं असतं, पण त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या.

काल मी विचारत विचारत लिंबाजीकडे गेलो. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावठाणात राहतो. साठी जवळ आली, पण धडधाकट आहे, अजून वखर हाकतो. पोरं बसतात ती फक्त त्याच्या आईकडच्या लेकींच्या पोटची, हे त्यानं सांगितलं. तुला त्यातून काही दिसेल. मी पायावर डोकं ठेवलं. त्यानं मारलं नाही. एवढंच विचारलं, 'जित्ती हाय?' मग म्हणाला, 'रगत देतो, मास्तर. लागंल तेवढं काढा. पर तुमच्या हातानं न्हाई. तिला घिऊन या. मला मामा म्हनू द्या तिला.'

म्हणून हे पत्र. रविवारी मी लातूरला जाऊन गिरिजाला सगळं सांगणार आहे. त्यानंतर ती मला दारात उभं करणार नाही, माझा फोन घेणार नाही. माझ्याबरोबर तर ती कुठंच येणार नाही. तुझ्याबरोबर येईल. तू रजा काढ, नळ्या घेऊन ये, आणि तिला तिच्या मामाकडे ने. पत्ता पाठीमागे लिहिलाय. रागानं नको म्हणाली तरी ने, पोरी. पोटातलं बाळ तिच्या रागासाठी थांबणार नाही. आणि तिथं तिनं विचारलंच की आप्पांनी असं का केलं, तर माझी बाजू घेऊ नकोस. तिला आधी मामाला बघू दे.

रागावशील, तरी तुझाच,
गुरुलिंग