सरचार्ज उतरेपर्यंत

५ ऑक्टोबर
बंगळुरूहून पलकचा फोन. डॉक्टरांनी पंधरा नोव्हेंबर तारीख दिली. लेकीचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, इथे मंठ्यालाच व्हायचं, पण तिच्या डॉक्टरने प्रवास बंद केला. मी शब्द दिला की बाळ येईल तेव्हा आई-पप्पा दवाखान्याच्या दारात उभे असतील. पलक रडली. मीही थोडा रडलो. बसंतीने लगेच किराणा दुकानात डिंकाचा भाव विचारायला माणूस पाठवला.
विमानानेच जाणार. माझी कंबर एवढ्या लांब रेल्वेला राजी नाही. तिकीट उद्या.

६ ऑक्टोबर
अंकितच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेलो. अंकित म्हणजे सख्खा भाचा, त्यामुळे फसवणूक झाली तरी घरातच राहील. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. भाडं. त्याखाली एअरपोर्टचं काहीतरी. त्याखाली फ्युएल सरचार्ज. हे काय म्हणून विचारलं. मामाजी, तेल महागलं ना, त्याचे वेगळे, म्हणाला.
मग भाड्यात काय आलं? खुर्ची? विमान तेलावर उडतं हे कंपनीला गेल्या महिन्यात कळलं का? उद्या खानावळवाला जेवणाचे वेगळे आणि गॅसचे वेगळे लावेल, आणि अंकितसारखी पोरं तेही देतील.
तिकीट काढलं नाही. आयुष्य मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सोयाबीन-तुरीची आडत करण्यात गेलं. चढलेला भाव उतरतो. थांबायचं असतं. अंकित म्हणाला, मामाजी, विमानात सीटं भरत गेली की भाव चढतो. पोरगं आहे. मोंढा पाहिला नाही.
बसंतीला सगळं समजावून सांगितलं. ती फक्त 'बरं' म्हणाली. इतकी समजूतदार बायको जिल्ह्यात नसेल. दुपारी आधार कार्ड शोधत होती. बँकेचं काही असेल.

९ ऑक्टोबर, सकाळी
कच्चं तेल किंचित उतरलं. टीव्हीवर सांगितलं. सरचार्ज आठवड्यात जाणार.
नवा विचार. जड माणसाला न्यायला तेल जास्त लागतं. म्हणून उद्यापासून रोज सकाळी परतूर रोडने चालायचं, वजन उतरवायचं, आणि कंपनीला कळवायचं. ईमेल अंकितकडून लिहून घेतला. तो लिहिताना खोकत होता. हवामान बदललं आहे.

१० ऑक्टोबर
चालायला गेलो नाही. कुत्री फार.

१२ ऑक्टोबर
आज शेवटचा उपाय. पूर्वी बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. तोंडाने कुणी बोलायचं नाही, रुमालाखाली हातात हात, बोटं दाबायची आणि भाव ठरायचा. माझे वडील यात उस्ताद होते. अंकितच्या हातावर रुमाल टाकला आणि दोन बोटं दाबली. अर्थ सरळ आहे: सरचार्ज कापा, भाडं देतो. अंकितला वाटलं मला चक्कर आली. त्याने पंखा वाढवला, पाणी मागवलं आणि बसंतीला फोन केला.
या पिढीशी व्यवहार करणं कठीण आहे.

१६ ऑक्टोबर
रात्री विचार केला. मनुष्याने शत्रूकडून शिकावं. विमान कंपनी काय करते? भाव तोच ठेवते आणि खाली एक ओळ वाढवते. गिऱ्हाईक ओरडतं आणि देतं. हुशार लोक आहेत. लुटारू आहेत, पण हुशार.
आजपासून आपल्या दुकानातही शेतकऱ्याला माल विकल्यावर जी पट्टी देतो, तिच्यावर आडत, हमाली, तोलाई यांच्या खाली नवी ओळ: डिझेल चार्ज. माझ्या चार्जमागे तत्त्व आहे. विमानवाल्यांच्या मागे काही नाही.

१८ ऑक्टोबर
भुजंग सोयाबीन घेऊन आला. जुना शेतकरी, दर हंगामाला माल माझ्याकडेच. पट्टी दोनदा वाचली. मग म्हणाला, शेठजी, टॅक्टर माझं, डिझेल मी टाकलं, माल मीच आणला, मंग हे डिझेल कोन्तं?
मी म्हणालो, आजकाल सगळीकडे लागतं, विमानात सुद्धा. तो म्हणाला, म्या कुठं इमानात बसून राह्यलो? राहिलेला माल घरात ठेवतो, चार्ज उतरला की आणतो, असं सांगून गेला.
शेतकऱ्याचं हेच चुकतं. वेळेवर निर्णय घेत नाही. उगीच थांबून राहतो.

२२ ऑक्टोबर
कंपनीचं उत्तर आलं. माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे. म्हणजे दबाव पडू लागला. अंकितने मात्र भाडं पुन्हा वाढल्याचं कळवलं. वाढू दे. उतरायच्या आधी भाव असाच उसळतो.
चालणं सोमवारपासून.

२७ ऑक्टोबर
बसंतीने डिंकाचे आणि सुंठीचे लाडू केले. घरभर तुपाचा वास. संध्याकाळी तिने आपली बॅग दुकानात आणून मोठ्या काट्यावर ठेवली. पंधरा किलोच्या वर गेली म्हणून एक शाल आणि थोडे लाडू काढले. मग काटा बराबर पंधरावर आला, तेव्हा समाधानाने घरी गेली. हौस दांडगी. तिकिटाचा पत्ता नाही आणि हिची तयारी पूर्ण. माझ्यावरचा विश्वास, दुसरं काय.
पलकचा फोन आला. पप्पा, तिकीट झालं का? मी म्हणालो, झाल्यासारखंच आहे.

१ नोव्हेंबर, पहाटे
दारात गाडी. मला वाटलं तुरीची आली. अंकित उतरला. बसंती नवी साडी नेसून, बॅग घेऊन तयार. म्हणाली, दुधाचं सांगून ठेवलं आहे, भाकरी करायला केशरबाई येईल, औषध डब्यावर आहे. संभाजीनगरहून सकाळचं विमान.
तिकीट कधी काढलं? सहा ऑक्टोबरला. मी अंकितच्या ऑफिसातून निघालो आणि तासाभरात हिचा फोन गेला. स्वतःच्या साठवलेल्या पैशातून, सरचार्जसकट. मी विचारलं, माझं का नाही काढलं? म्हणाली, तुम्ही भाव उतरायची वाट पाहत होतात, मी मधे कशाला येऊ?
जन्मात विमान न पाहिलेली बाई. एकटी गेली. मागे वळून हात सुद्धा केला नाही, कारण दोन्ही हातांत लाडवाचे डबे होते.

२ नोव्हेंबर
शांतपणे पाहिलं तर ठीकच झालं. शब्द दोघांचा होता, त्यातला अर्धा वेळेआधी पाळला गेला. दुसरा अर्धा माझ्याकडे आहे. पंधराला अजून अवकाश आहे आणि तेल पुन्हा उतरतंय. तिने घाईत नुकसान केलं. मी दोघांचं मिळून सरासरी भरून काढीन.
केशरबाईची भाकरी जाड.

६ नोव्हेंबर
दुकानात माल नाही. हमाल पत्ते खेळत होते. थंडी वाढली म्हणून असेल.

९ नोव्हेंबर, दुपारी
आज आरपार. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. सरचार्ज कधी काढता ते तारखेसह सांगा, नाहीतर वरच्या साहेबाला द्या. बाईने थांबायला सांगितलं. सतार लागली. मी थांबलो. मधे मधे फोनमध्ये टुक टुक आवाज येत होता. मी लाइन सोडली नाही. सोडणाऱ्याचं काम होत नसतं. शेवटी बाई परत आली आणि माझा अभिप्राय मोलाचा आहे म्हणाली.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
टुक टुक म्हणजे पलकचा फोन होता. दवाखान्यात नेताना करत होती. बऱ्याचदा केला. आत नेण्याआधी तिला पप्पांशी बोलायचं होतं, असं बसंती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
मुलगी झाली. दोघी सुखरूप. व्हिडिओवर दाखवली. नाक पलकचं. दवाखान्याच्या दारात बसंती उभी होती, एकटी.
मला फार वाईट वाटलं. जेवलो नाही. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

११ नोव्हेंबर
विजय! सरचार्ज रद्द! टीव्हीवर आलं. मी बरोबर होतो. पहिल्या दिवसापासून बरोबर होतो. हमालांना पेढे वाटले आणि थेट अंकितचं ऑफिस गाठलं.
सरचार्जची ओळ खरंच गायब. मूळ भाडं मात्र बसंतीच्या सरचार्जसकट भाड्याच्या दीडपट. हे कसं म्हणून विचारलं. अंकित म्हणाला, मामाजी, सीटं भरली. आता दोनच आहेत.
काढलं. दुसरं काय करणार. पण सरचार्ज दिला नाही, हे नोंदवून ठेवतो.
येताना मोठ्या मनाने दुकानातला डिझेल चार्जही काढला. (आडत थोडी वाढवली.) भुजंगला फोन करून माल आण म्हणालो. तो म्हणाला, माल तर परवाच परतूरला गेल्ता, शेठजी.

१३ नोव्हेंबर, बंगळुरू
पोचलो. विमानात खिडकीचे वेगळे पैसे होते, म्हणून मधे बसलो. काही दिसलं नाही.
पलकच्या घरी दार बसंतीने उघडलं. हात पाय धुवा म्हणाली. दोन आठवड्यांत इथली मालकीण झाली आहे. जावयांनी नमस्कार केला. मी उरलेल्या लाडवांचा डबा पुढे केला. स्वयंपाकघरात आधीचे दोन डबे दिसले, म्हणून परत घेतला.
आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी तिकडे निघालो तर बसंतीने अडवलं. हळू आवाजात म्हणाली, मायलेकी आत्ताच झोपल्या आहेत, थोडं थांबा, तुम्हाला चांगलं जमतं ते.
बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो आहे. डबा मांडीवर आहे. एकदा आतून बाळाचा आवाज आला, म्हणून उठलो. मग बंद झाला.
थांबलो आहे.